पायाखालचा इतिहास : सातारा-सांगलीकडील नक्षीदार फरशीचा मागोवा

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आद्य विश्वस्तांचा परिचय, चातुर्मासांची सूची, देणगीदारांची नामावली आणि पाठशाळेचा अहवाल ही माहिती अन्यत्र येणारच आहे. संपादक मंडळाने मला ‘आपल्या वास्तूचा इतिहास’ या विषयावर लिहिण्यास सांगितले, तेव्हा ज्या भागावरून आपण सर्वजण रोज चालतो आणि तरीही जो सहसा पाहत नाही, त्या फरशीविषयी लिहावे असे मी ठरविले. आयुष्यभर कापड मोजून फाडणाऱ्या माणसाने गवंडीकामावर लेखणी उचलावी, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु फरशीच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली आणि तशीच दुसरी चूक ट्रस्टच्या हातून होता होता टळली. त्या निमित्ताने जे वाचले, जाणत्या मिस्त्रींकडून जे ऐकले आणि स्वतः गुडघे टेकून जे पाहिले, ते येथे क्रमाने मांडतो.

आपल्या वास्तूत प्रवेशद्वारापासून भोजनशाळेपर्यंत चालत गेले, तर चार प्रकारच्या जमिनी पायाखाली येतात. अंगणात शहाबादी फरशी आहे. स्वातंत्र्यापूर्वी बांधलेल्या मुख्य सभागृहात रंगीत सिमेंटची नक्षीदार फरशी आहे. ट्रस्टच्या स्थापनेनंतर वाढविलेल्या ओवरीत मोझाइक आहे, आणि त्याही नंतरच्या भोजनशाळेत कारखान्यात भाजलेली टाइल आहे. एवढ्याशा अंतरात शंभर वर्षांच्या फरशीकामाचा इतिहास सामावलेला आहे.

सारवलेली जमीन आणि दगडी फरशी

आजचे सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे प्रशासनाच्या दृष्टीने फार जुने नाहीत. १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचेच ‘सांगली’ असे नामकरण झाले. कृष्णाकाठच्या या सर्व टापूत घरबांधणीची रीत मात्र एकच होती. सामान्य घरात मुरूम-माती चोपून, वर शेणाने सारवलेली जमीन असे. वाड्यांतून आणि देवालयांतून काळ्या दगडाच्या घडीव फरश्या बसवीत, किंवा चुना व विटांचे तुकडे एकत्र कुटून कोबा करीत. आपल्याकडचा काळा दगड अतिशय कठीण. पाथरवटाने दिवसभर छिन्नी चालवावी तेव्हा कुठे एक कड सरळ होई. त्यामुळे घडीव फरशी ही श्रीमंतांची आणि देवाची गोष्ट राहिली.

या परिस्थितीत पहिला मोठा बदल घडविला तो रेल्वेने. १८७१ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग सोलापूरकडून रायचूरपर्यंत पोहोचला. आज कर्नाटकाच्या कलबुर्गी जिल्ह्यात असलेले शहाबाद याच मार्गावर येते. तेथील दगड हा थरांचा चुनखडक. खाणीतून तो मुळातच सपाट थरांत निघतो. जाडी कमी करण्यासाठी घडवावा लागत नाही, फक्त चारी कडा तोडून चौरस केला की फरशी तयार होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत पुणे-मिरज लोहमार्ग झाला आणि असा बाहेरचा जड माल आपल्या भागातही येऊ लागला. आपल्या अंगणात आजही पायाला गार लागणारी करडी फरशी ती हीच.

शहाबादी फरशीची एक मर्यादा होती. तिच्या कडा हाताने तोडलेल्या असल्याने दोन फरश्यांमधला सांधा रुंद पडे. गवंडी त्यात चुना भरून दर्जा करीत, पण दोन-चार पावसाळ्यांत दर्जा निघून येत आणि त्या फटींत धूळ, ओल व मुंग्या जमत. सांध्याचा हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण आपल्या आचारधर्माशी त्याचा संबंध आहे. त्याकडे मी शेवटी येणार आहे.

रंगीत सिमेंटची फरशी

नक्षीदार फरशीची हौस आपल्याकडे आली ती मुंबईमार्गे. इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंट येथील मिंटन यांच्या कारखान्यात रंगीत मातीची नक्षी एकमेकींत भरून भाजलेल्या टाइल्स बनत. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये आणि भायखळ्याच्या आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ही मिंटन टाइल आजही पाहावयास मिळते. ही चैन जहाजाने येणारी, म्हणून राजवाडे, चर्च आणि मोठ्या सरकारी इमारतींपुरतीच होती.

तिकडे फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दुसरीच युक्ती निघाली. सिमेंट दाबाखाली घट्ट होते आणि पाण्याने आपोआप कठीण बनते, तर मग टाइल भाजायचीच कशाला? लोखंडी चौकटीत पितळी पट्ट्यांचा नक्षीचा साचा ठेवावयाचा. साच्याच्या प्रत्येक खणात पांढरे सिमेंट, संगमरवराची पूड आणि खनिज रंग यांचे पातळ मिश्रण पळीने ओतावयाचे. साचा अलगद उचलून त्यावर कोरडे सिमेंट व वाळू पसरावयाची आणि यंत्राने जोरदार दाब द्यावयाचा. नंतर टाइल पाण्यात ठेवून पक्की करावयाची. भट्टी नाही, जळण नाही. एका वेळी एक टाइल, आणि प्रत्येक टाइल हाताने.

या फरशीचा रंग केवळ वर लावलेला नसतो. तो काही मिलिमीटर खोल असतो. कापडाच्या भाषेत सांगावयाचे तर ही विणलेली नक्षी आहे, छापील नव्हे. छापील नक्षी धुण्यात फिकी पडते; विणलेली नक्षी कापड विरेपर्यंत राहते. सभागृहातील फरशीवर कित्येक पिढ्यांची पावले उमटूनही फुलांच्या पाकळ्यांची कड जागेवर आहे, याचे कारण हेच.

ही फरशी आपल्या देशात बनू लागण्यासाठी दोन गोष्टी जुळून याव्या लागल्या. पहिली सिमेंटची. १९१४ साली पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट निघू लागले आणि या उद्योगाने देशात मूळ धरले. दुसरी स्वदेशीची. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळला महात्मा गांधींच्या हस्ते परदेशी कापडाची मोठी होळी झाली, हे आम्हा कापडवाल्यांना वेगळे सांगावे लागत नाही. त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे १९२२ साली, फिरोजशा सिधवा आणि रुस्तम सिधवा या पारशी उद्योजकांनी मुंबईत ‘भारत फ्लोअरिंग टाइल्स’ हा कारखाना काढला. परदेशी टाइलच्या तोडीची टाइल येथे बनवावयाची, हा त्यांचा निर्धार होता. शंभर वर्षे उलटली तरी या कारखान्याचे नाव टिकून आहे.

हे सर्व मुंबईत घडत असताना आपला भागही मागे नव्हता. १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९१६ साली कराडजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना निघाला. साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना सुरू झाला. कुंभोजच्या जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेच्या कार्याला वाहून घेण्यापूर्वी या तिन्ही उद्योगांशी निकटचा संबंध ठेवला होता. देशी नांगर, देशी कंदील आणि देशी फरशी ही एकाच काळाची अपत्ये आहेत. त्या काळी घराच्या ओटीवर किंवा पेढीवर रंगीत फरशी बसविणे ही हौस होती, तशीच देशी मालावरील विश्वासाची खूणही होती.

मांडणी आणि काप

एवढे झाले फरशीचे. परंतु चांगले सूत म्हणजे चांगला सदरा नव्हे. मध्ये शिंपी लागतो. फरशीच्या बाबतीत तो मान गवंड्याचा. सभागृहाची फरशी मी मापपट्टी घेऊन मोजली, तेव्हा त्या अनाम कारागिराने काय विचार केला होता ते हळूहळू उलगडले.

फरशी आठ इंची चौरस आहे. प्रत्येक फरशीवर फुलाचा चौथा हिस्सा आहे. चार फरश्या जुळल्या की एक पूर्ण फूल होते. सभागृहाची रुंदी १९ फूट ८ इंच, म्हणजे २३६ इंच. सांध्यांची किंचित जाडी सोडली, तर एका भिंतीपासून सुरुवात करून सरळ फरश्या लावीत गेल्यास २९ फरश्या बसतात आणि समोरच्या भिंतीशी चार इंचांची पट्टी उरते. तसे केले असते तर एका बाजूला पूर्ण फरशी व दुसऱ्या बाजूला तुकडा दिसला असता, आणि २९ हा विषम आकडा असल्याने एक फूल अर्धेच राहिले असते. खोलीच्या मधोमध एक फरशी ठेवून दोन्हीकडे जावे, तर कडेला दोन-दोन इंचांचे तुकडे उरतात. दोन इंचांचा तुकडा सिमेंटच्या फरशीतून कापणे कठीण, आणि बसवला तरी तो लवकर फुटतो.

आपल्या गवंड्याने काय केले? त्याने खोलीच्या मध्यरेषेवर फरशी न ठेवता सांधा ठेवला. त्यामुळे रुंदीत २८ पूर्ण फरश्या आल्या. त्यांतील २६ नक्षीच्या, म्हणजे १३ पूर्ण फुले. दोन्ही कडांना एकेक काठाची फरशी. आणि भिंतीलगत दोन्हीकडे सहा-सहा इंचांची साधी तांबडी पट्टी. लांबी ३० फूट ४ इंच. तेथेही हाच हिशेब : ४२ नक्षीच्या फरश्या, दोन काठाच्या आणि दोन्हीकडे सहा इंच. संपूर्ण सभागृहात २७३ फुले आहेत आणि एकही फूल तुटलेले नाही. चार कोपऱ्यांत काठाची वेल वळविणाऱ्या चार खास फरश्या आहेत. लुगड्याचे काठ जसे अंगाला चौकट देतात, तशी ही चौकट नक्षीला आहे.

भिंतीलगतच्या साध्या पट्टीत आणखी एक शहाणपण दडलेले आहे. जुन्या भिंती क्वचितच काटकोनात असतात. पूर्वेच्या भिंतीशी ही पट्टी एका टोकाला सहा इंच, तर दुसऱ्या टोकाला सव्वापाच इंच आहे. भिंतीचा पाऊण इंचाचा वाकडेपणा त्या साध्या पट्टीने पोटात घेतला आणि नक्षी गुण्यात ठेवली. नक्षीची फरशी थेट भिंतीला भिडवली असती, तर तो दोष प्रत्येक फुलात दिसला असता. काटकोन काढण्यासाठी हे कारागीर दोरीवर तीन, चार आणि पाच अशी मापे धरतात. तीन फूट व चार फूट बाजूंची टोके बरोबर पाच फुटांनी जोडली गेली की कोन काटकोन होतो. यज्ञवेदी आखण्यासाठी शुल्बसूत्रांत सांगितलेले दोरीचे गणित ते हेच.

आता काप. त्या काळी विजेचे कटर नव्हते. फरशीवर पट्टी धरून खूण करावयाची, धारदार छिन्नीने त्या रेघेवर हलकी चीर पाडावयाची, मागूनही तसेच करावयाचे, आणि मग लाकडाच्या कडेवर ठेवून एकाच ठोक्यात तोडावयाची. तुटलेली कड दगडावर पाणी व वाळू घेऊन घासावयाची. सभागृहात लाकडी खांबांचे चार तळखडे आहेत. त्यांच्या गोलाईभोवती फरशी इतकी नेमकी कापली आहे की सांध्यात पोस्टकार्ड जेमतेम जाते. आमच्या व्यवसायात ‘दोनदा मोजा, एकदा फाडा’ असा दंडक आहे. त्या गवंड्याने आधी कागदाचा साचा कापून पाहिला असणार, जसा शिंपी गळ्यासाठी पाहतो.

वरून न दिसणारे काम याहून मोठे. भराव थरांत टाकून, पाणी मारून, धुम्मसाने ठोकलेला. त्यावर चुना व विटांच्या तुकड्यांचा थर. पाणसळ धरून दरवाजाकडे अगदी अल्प ढाळ. फरशी बसविण्यापूर्वी पाण्यात भिजवलेली, कारण कोरडी फरशी खालच्या मसाल्यातील पाणी शोषून घेते आणि मग मसाला धरत नाही. प्रत्येक फरशीच्या पाठीला संपूर्ण मसाला, कोठेही पोकळी नाही.

साताऱ्याला माझ्या आजोळी लाल-काळ्या चौकटीची अशीच ओटी होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा मी लहान होतो. ओटीला आडवी भेग गेली होती. आजोबांनी भेगेच्या दोन्ही बाजूंच्या फरश्या एकेक करून उचलल्या, त्यांवर खडूने आकडे घातले, खालचा भराव पुन्हा ठोकून घेतला आणि त्याच फरश्या त्याच क्रमाने परत बसविल्या. फरशी उचलून पुन्हा बसविता येते, ही गोष्ट मी तेव्हा पाहिली होती. पुढे मात्र सोयीस्करपणे विसरलो.

मोझाइक ते व्हिट्रिफाइड

स्वातंत्र्यानंतर नक्षीच्या फरशीची जागा हळूहळू मोझाइकने घेतली. सिमेंटमध्ये संगमरवराचे बारीक खडे घालून टाइल दाबावयाची, ती बसवावयाची, आणि मग जाड ते बारीक अशा कार्बोरंडमच्या दगडांनी यंत्राने संपूर्ण जमीन घासून काढावयाची. बसविताना एखादी टाइल केसभर वर-खाली झाली, तरी घासण्यात ती सपाट होई. यामुळे काम जलद झाले आणि मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. आपली ओवरी त्याच काळातील. तिचा पांढरा-हिरवा ठिपका आज काहींना जुनाट वाटतो, पण ती पुन्हा घासली की नवी होते, हा गुण विसरता येत नाही.

भाजलेल्या चकचकीत टाइल्सचे कारखाने देशात त्याच सुमारास वाढू लागले. पुढे गुजरातमधील मोरबी हे या उद्योगाचे देशातील सर्वांत मोठे केंद्र झाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिट्रिफाइड टाइल आली. ती इतकी घट्ट भाजलेली असते की वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी शोषते. डाग पडत नाही, झीज कमी, आणि दोन फुटी चौरस टाइलने खोली दोन दिवसांत भरते. ही टाइल वाईट आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु जिचे अंग पाणी शोषत नाही, तिला साधा सिमेंटचा मसालाही पूर्वीसारखा धरत नाही. तिला योग्य चिकटद्रव्य, पूर्ण पाठभर लेप आणि सांध्यासाठी थोडी जागा द्यावी लागते. घाईत नेमके हेच राहून जाते.

माझी चूक

२००८ साली मी सांगलीच्या कापडपेठेतील आमच्या दुकानाची जुनी रंगीत फरशी उखडून टाकली. दिवाळी तोंडावर आली होती. आठ दिवसांत दुकान चकचकीत झाले पाहिजे, असा माझा हट्ट होता. गवंड्याने भराव ठोकण्यासाठी चार दिवस मागितले. मी दिले नाहीत. त्याने टाइलच्या चार कोपऱ्यांवर आणि मधोमध मसाल्याचे पाच गोळे ठेवून टाइल वर दाबली. दिव्यांच्या प्रकाशात जमीन आरशासारखी दिसली. गिऱ्हाइकांनी कौतुक केले. उखडलेली फरशी राडारोड्याच्या गाडीतून गेली.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. बाजारपेठ पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर आम्ही चिखल काढला, तागे फेकले, भिंती धुतल्या. नंतर लक्षात आले की टाइलखालच्या पोकळ्यांत गढूळ पाणी तसेच आहे. खालचा भराव भिजून बसला होता. कापडाचे गठ्ठे ठेवताच कोपरे तडकू लागले, सांध्यांतून वास येऊ लागला आणि मुंग्यांच्या रांगा लागल्या. अखेर सर्व टाइल काढावी लागली. यात दोष त्या गवंड्याचा नव्हता. त्याला वेळ न देणाऱ्या माझा होता.

टळलेली चूक

पुराचे पाणी आपल्या वास्तूतही शिरले होते. सुवर्णमहोत्सवापूर्वी जीर्णोद्धार करावयाचा ठरला, तेव्हा सभागृहासह सर्वत्र एकसारखी नवी टाइल बसवावी असा ठराव आला. हे लिहिताना संकोच वाटतो, पण त्या ठरावाचा सूचक मीच होतो. दुकानाच्या अनुभवातून मी एवढेच शिकलो होतो की या वेळी चांगल्या प्रतीची टाइल घ्यावी.

अंदाजपत्रकासाठी मिरजेहून सत्तरी ओलांडलेले एक मिस्त्री आले. त्यांनी माप घेण्याआधी खिशातून रुपयाचे नाणे काढले आणि सभागृहातील फरशी एकेक करून वाजवू लागले. नक्षीच्या व काठाच्या मिळून १२३२ फरश्या. दुपार गेली. ज्या बद्द वाजल्या, त्यांवर त्यांनी खडूने फुली केली. फुल्या भरल्या ४१. त्यांपैकी २९ फरश्या धड होत्या, फक्त खालून सुटल्या होत्या. फुटलेल्या अवघ्या १२. मग ते भोजनशाळेत गेले. तेथे जवळजवळ निम्मी टाइल पोकळ वाजली. एकाच छपराखाली, एकाच पुरात, दोन जमिनींचा असा निकाल लागला.

“शेठजी, ही फरशी काढायला सांगू नका. अशी बसवणारे आता शोधावे लागतील,” एवढेच ते म्हणाले.

पुढच्या सभेत मी माझा ठराव मागे घेतला. काही विश्वस्तांना ते पटले नाही. समारंभाला बाहेरगावचे पाहुणे येणार, जुनी जमीन दिसली तर ट्रस्टची शोभा काय, हा त्यांचा आक्षेप प्रामाणिक होता. त्यावर माझे म्हणणे इतकेच होते की आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने धवलादी सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरून फलटणला जतन करणाऱ्या समाजाला जतनाचे मोल नव्याने सांगावे लागू नये. बहुमताने फरशी ठेवण्याचे ठरले.

फुटलेल्या १२ फरश्यांच्या जागी तशाच फरश्या आणावयाच्या कोठून? मिस्त्रींनी ज्ञानभंडाराची कपाटे हलविण्यास सांगितले. कपाटांखालची फरशी काल बसविल्यासारखी निघाली. तेथील १२ फरश्या काळजीपूर्वक उचलून वाटेवर बसविल्या आणि कपाटांखाली साध्या तांबड्या फरश्या घातल्या. जुना सदरा उसवताना शिवणीत दाबलेले कापड कामी येते, तसेच हे झाले. भोजनशाळेत मात्र नवी, खरखरीत पृष्ठाची टाइल घातली. भराव ठोकून, ढाळ काढून आणि पाठभर लेप लावून. कापताना पाणी सोडणारे कटर वापरण्याची अट आम्ही घातली. कोरडे कापले की उडणाऱ्या बारीक धुळीने कारागिराच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. धर्मस्थानाच्या कामात ती हिंसा आपल्या नावे लागू नये.

फरशी आणि जयणा

आता सांध्यांविषयी. आपण प्रतिक्रमणात इरियावहियं म्हणतो. चालताना पायाखाली आलेले बी, हिरवळ, दव, मुंग्यांची बिळे, ओली माती, कोळ्याचे जाळे या सर्वांची तेथे आठवण करून क्षमा मागतो. साधु-साध्वी ईर्यासमितीचे पालन करताना चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकतात. हे ध्यानात घेऊन फरशीकडे पाहिले, म्हणजे नेटक्या कामाचा अर्थ बदलतो. भरलेल्या सांध्यात मुंगी बीळ करीत नाही. बरोबर ढाळ असेल तर पाणी साचत नाही आणि शेवाळ धरत नाही. पोकळी नसेल तर जीव आत अडकून मरत नाहीत. सपाट जमिनीवर ओघ्याने हलके पुंजले तरी पुरते. ज्याला आपण सफाई म्हणतो, त्यात जयणेचा मोठा भाग आहे. त्या जुन्या गवंड्याचा धर्म कोणता होता हे वास्तू सांगत नाही. पण त्याने आपल्याला जयणा पाळणे सोपे करून ठेवले आहे.

वास्तूबरोबर ट्रस्टकडे आलेल्या एका जुन्या चोपडीत फरशीच्या गाडीभाड्याची, चुन्याची आणि मजुरीची रक्कम आणे-पैसह लिहिलेली आहे. गवंड्याचे नाव लिहिलेले नाही. हिशेब लिहिणाऱ्याने चूक केली असे नाही. हिशेबाच्या वहीत रकमाच लिहावयाच्या असतात. तथापि या वेळी आम्ही एक नवी प्रथा सुरू केली आहे. दुरुस्तीचे काम करणारे मिस्त्री आणि त्यांचे चार सहकारी यांची नावे ट्रस्टच्या इतिवृत्तात नोंदविली आहेत, आणि सुवर्णमहोत्सवाच्या मुख्य समारंभात देणगीदारांच्या नावांबरोबर तीही वाचली जाणार आहेत.

समारंभाच्या दिवशी सभागृहात येताना वाचकांनी घटकाभर खाली पाहावे, एवढी विनंती. पूर्वेच्या भिंतीलगतची तांबडी पट्टी एका टोकाला अरुंद होत गेलेली दिसेल. या लेखात काही न्यूनाधिक लिहिले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!